‘पार्सलचा पत्ता अपूर्ण आहे’ असा मेल आला, तर काय काय तपासायचे

फोंड्याच्या वरच्या बाजारात माझे कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. चवथीच्या आधीचे तीन-चार आठवडे आणि दिवाळीच्या सेलचे दिवस आले की एकच दुखणे घेऊन माणसे येतात. ऑनलाइन खरेदीच्या खात्याच्या नावाने मेल आलेला असतो. कोणी लिंक दाबून बसलेले असते, तर कोणी दाबायच्या आधी विचारायला आलेले असते. दाबायच्या आधी आलेल्यांचे काम दोन मिनिटांत होते. दाबून आलेल्यांचे निस्तरायला कधी कधी आठवडा जातो. तपासणीचा क्रम आता हाताला बसला आहे, तो इथे लिहितो. फुकटातली आणि सोपी तपासणी आधी, किचकट नंतर.

लक्षणे

हे एक दिसले म्हणजे फिशिंगच (म्हणजे खोट्या मेलने फसवून माहिती काढणे), असे एकच लक्षण नसते. पण माझ्याकडे येणाऱ्या मेलमध्ये फिरून फिरून हेच मजकूर असतात. तुम्ही न केलेल्या ऑर्डरची पावती. ‘खाते तात्पुरते बंद केले आहे, २४ तासांत ओळख पटवा.’ पैसे दोनदा कापले गेले, रिफंडसाठी माहिती भरा. रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपणार. परदेशातून आलेले पार्सल कस्टम्समध्ये अडकले. ज्या घरातला माणूस आखातात किंवा बोटीवर आहे तिथे हा मेल लगेच खरा वाटतो. आणि सगळ्यांत जास्त वेळा : ‘पत्ता अपूर्ण असल्यामुळे तुमचे पार्सल परत जात आहे.’

दुसऱ्या प्रकारची लक्षणे मेल उघडून गेल्यावर, मागाहून दिसतात, आणि ती जास्त गंभीर आहेत. न मागितलेले ओटीपी येऊ लागतात. पासवर्ड चालेनासा होतो. खात्यातल्या पत्त्यांच्या यादीत कुठला तरी अनोळखी पत्ता दिसतो. ऑर्डरचे मेल यायचेच थांबतात. किंवा उलट, तासाभरात शेकडो जाहिरातींचे आणि वर्गणीचे मेल इनबॉक्समध्ये कोसळतात. तो पाऊस मुद्दाम पाडलेला असतो, तुमच्या नावावर झालेल्या एका खऱ्या ऑर्डरचा मेल त्या ढिगाऱ्यात दिसू नये म्हणून. यातले काही दिसत असेल तर पुढच्या तपासण्या वाचत बसू नका. खाली ‘लिंक दाबून झाली असेल तर’ हा भाग आहे, तिथे आधी जा.

पत्त्याचा मेल आपल्याकडे इतका का चालतो

आपल्या गावातले पत्ते आठवून बघा. पंचायतीने दिलेला घर क्रमांक, वाड्याचे नाव, गावाचे नाव. बहुतेक वेळा रस्त्याला नाव नसते. देऊळवाडा तर कितीतरी गावांत आहे. शिरोडा आपल्या फोंडा तालुक्यात आहे आणि वेंगुर्ल्याजवळही आहे. फोंडा म्हटले तर इथले फोंडा, आणि कणकवलीकडचे फोंडाघाटही. पार्सल घेऊन आलेला मुलगा फोन करून विचारतोच : देवळाच्या अलीकडे की पलीकडे? चढावर की खाली? हे आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की ‘पत्ता अपूर्ण’ हे शब्द वाचून कोणालाच शंका येत नाही. मेल पाठवणाऱ्याला फोंडा कुठे आहे हे ठाऊकही नसते. त्याने तोच मजकूर ढिगाने पाठवलेला असतो, पण आपल्या घरी तो चपखल बसतो.

म्हार्दोळच्या एक निवृत्त शिक्षिका गेल्या चवथीच्या आधी दुकानात आल्या. त्यांनी कापडी मखर मागवले होते. आदल्या दिवशी कुरियरवाल्याचा खराखुरा फोन येऊन गेला होता, घर सापडत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल आला : पत्ता दुरुस्त करा, पुन्हा पाठवण्याचे शुल्क ५ रुपये. बाईंनी पत्ता भरला आणि ५ रुपयांसाठी डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडेही भरले. ओटीपी आला, पण पानावरची चौकट फोनवर नीट दिसेना. म्हणून फोन तसाच घेऊन त्या माझ्याकडे आल्या. ‘बाबा, एवढे सहा आकडे घाल रे, माझ्या डोळ्यांना दिसत नाही,’ म्हणाल्या.

मी आकडे घालायच्या आधी बँकेचा तो संदेश पूर्ण वाचला. त्यात रक्कम होती २४,९९९ रुपये.

बाईंनी संदेश पाहिला होता, पण नजर गेली ती फक्त ओटीपीवर. सगळ्यांची तिथेच जाते. कार्डाच्या व्यवहाराचा ओटीपी पाठवताना बहुतेक बँका त्याच संदेशात रक्कम आणि पैसे कोणाकडे जाणार तेही लिहितात. ओटीपी कुठेही घालण्याआधी ती रक्कम मोठ्याने वाचायची. ही सवय मी दुकानात प्रत्येकाला लावतो.

आता तपासण्या.

१. मेल बंद करा आणि ॲप उघडा

याला अर्धा मिनिट लागतो आणि माझ्या अनुभवात दहापैकी आठ-नऊ प्रकरणे इथेच संपतात. मेलमधले काहीही न दाबता बाहेर पडायचे. मग फोनवरचे त्या दुकानाचे ॲप उघडायचे किंवा ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करायचा, आणि ‘माझ्या ऑर्डर’ बघायच्या. पत्ता खरोखर अपूर्ण असेल, पैसे अडकले असतील, खाते थांबवले असेल, तर ते तिथे दिसेल. अमेझॉनच्या खात्यात ‘मेसेज सेंटर’ नावाचा भाग आहे. कंपनीने तुम्हाला पाठवलेले मेल तिथे जपलेले असतात. तिथे जो मेल नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचे कारण नाही.

हे सगळ्यांत महत्त्वाचे का, तर मेलमधले सगळेच नकली बनवता येते. बोधचिन्ह, रंग, बटण, पाठवणाऱ्याचे नाव, तुमचे नाव, सगळे. तुमच्या ॲपमध्ये जाऊन खोटी ऑर्डर मांडणे मात्र मेल पाठवून जमत नाही.

एक खबरदारी याच जागी. ॲपमध्ये समाधान झाले नाही म्हणून गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. शोधात वर दिसणारे नंबर कित्येकदा भामट्यांनीच पेरलेले असतात. मदत हवी तर ॲपच्या आतल्या ‘हेल्प’मधून मागा.

२. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचा

फोनवर मेल उघडला की ठळक अक्षरांत फक्त नाव दिसते. ते नाव पाठवणारा स्वतः टाइप करतो, त्याला वाटेल ते. जीमेलमध्ये त्या नावाखाली ‘टू मी’ असे बारीक अक्षरात असते. त्याच्या शेजारचा बाण दाबला की खरा पत्ता उलगडतो.

ॲट या खुणेनंतरचा भाग वाचायचा. तिथे कंपनीचे नाव असणे पुरेसे नाही, ते शेवटाला असले पाहिजे. ‘अमेझॉन डॉट इन’ ठीक. ‘अमेझॉन डॉट इन डॉट ऑर्डर-चेक डॉट टॉप’ हा पत्ता मात्र ‘ऑर्डर-चेक डॉट टॉप’ विकत घेतलेल्या कोणाचा तरी आहे. पुढे अमेझॉनचे नाव त्याने नुसते चिकटवले. अक्षरेही निरखून बघा. इंग्रजी आर आणि एन शेजारी शेजारी आले की लहान पडद्यावर ते एम दिसतात. इंग्रजी ओच्या जागी शून्य, एलच्या जागी एक घातलेला असतो. चष्मा लावून आणि पडदा मोठा करून वाचा.

३. मेल मागतो काय, ते बघा

पूर्वी मी लोकांना सांगायचो, इंग्रजी चुकलेले असेल तर मेल खोटा. आता तसे सांगत नाही. हल्ली खोटे मेल स्वच्छ भाषेत येतात, मराठीतही येतात, आणि खऱ्या कंपन्यांची मराठी कधी कधी भाषांतर करून वाकडी झालेली असते. भाषेवरून ठरवू नका.

‘मेलमध्ये माझे नाव आणि फोन नंबर बरोबर होता’ हाही पुरावा नाही. पार्सलच्या पुठ्ठ्यावरची चिठ्ठी बघा : नाव, फोन, पूर्ण पत्ता, ऑर्डरचा क्रमांक. तो पुठ्ठा आपण तसाच कचऱ्यात देतो. चिठ्ठी फाडून मगच द्या. शिवाय निरनिराळ्या संकेतस्थळांवरून ग्राहकांची माहिती फुटत असते, ती विकलीही जाते.

बघायचे ते हे, की मेल कशाची घाई करतो आणि शेवटी काय मागतो. पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा नंबर किंवा यूपीआयचा पिन मागणारा मेल तिथेच सोडायचा. पिन पैसे पाठवताना लागतो. रिफंड घेताना पिन लागत नाही, कधीच नाही.

एक प्रकार अलीकडे वाढला आहे, त्याच्याबद्दल जास्त सांगतो, कारण शिकलेली माणसेही त्यात सापडतात. मेलमध्ये लिंकच नसते. महागड्या फोनची पावती असते, तुम्ही न केलेल्या ऑर्डरची, आणि खाली एक नंबर : ऑर्डर रद्द करायची असल्यास इथे फोन करा. लिंक नसल्यामुळे स्पॅमची चाळणी असा मेल सहसा अडवत नाही. तुम्ही घाबरून स्वतः फोन करता, म्हणून समोरच्या माणसावर शंकाही येत नाही. तो फार अदबीने बोलतो आणि ‘रद्द करण्याचा फॉर्म’ भरायला एक ॲप घ्यायला सांगतो. ते ॲप तुमचा पडदा त्याला दाखवणारे असते. असल्या स्क्रीन शेअरिंग ॲपचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता. मेलमधल्या नंबरवर फोन करायचाच नाही. ॲपमध्ये ती ऑर्डर दिसत नाही ना? मग रद्द करण्यासारखे काही नाही.

४. लिंक दाबायची नाही, दाबून धरायची

हलकेच टिचकी मारली तर लिंक उघडते. बोट तिथेच दाबून धरले तर बहुतेक फोनवर पूर्ण पत्ता दिसतो. कॉम्प्युटरवर माउस नुसता लिंकवर नेऊन ठेवला की खालच्या कोपऱ्यात दिसतो. हात थरथरत असेल, सवय नसेल, तर ही तपासणी सोडून द्या, पहिली पुरेशी आहे.

पत्ता वाचताना एचटीटीपीएस आणि दोन तिरप्या रेघांनंतर जो भाग येतो, त्यातली पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा. त्या रेघेपासून मागे, उजवीकडून डावीकडे वाचत या. रेघेला चिकटून जे नाव आहे तोच खरा मालक. वर पत्त्याचा जो नियम सांगितला तोच इथेही लागू.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चित्रावर जाऊ नका. कुलूप फक्त इतकेच सांगते, की तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली वाट बंदिस्त आहे. वाटेच्या त्या टोकाला कोण बसले आहे ते कुलूप सांगत नाही. कुलूप ज्याच्यामुळे दिसते ते प्रमाणपत्र फुकट मिळते, भामट्यालाही मिळते. आखूड केलेल्या लिंक आणि क्यूआर कोड तर दाबून धरूनही कुठे नेतात ते कळत नाही. अशा वेळी पुढे जायचेच नाही.

हाच मजकूर एसएमएसवर येतो तेव्हाही हेच सगळे लागू आहे. २०२४ मध्ये भारतीय टपाल खात्याच्या नावाने ‘पत्ता अपूर्ण, ४८ तासांत दुरुस्त करा’ असे संदेश देशभर फिरत होते. टपाल खाते असे संदेश पाठवत नाही, हे केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने तेव्हा जाहीर केले होते. असे संदेश किंवा फोन आले तर केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या सोयीत नोंदवता येतात.

५. पासवर्ड आपोआप भरला जातो का

तुमचा पासवर्ड फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये साठवलेला असेल तर खऱ्या संकेतस्थळावर तो आपोआप पुढे येतो. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर तो येत नाही. आपला डोळा रंग आणि चित्र बघून फसतो. पासवर्ड साठवणारी सोय फक्त पत्त्याचे अक्षर अन् अक्षर जुळवून बघते. म्हणून नेहमी आपोआप येणारा पासवर्ड आज आला नाही, तर ‘बिघडले वाटते’ म्हणून हाताने टाइप करू नका. पान बंद करा.

६. कॉम्प्युटर असेल तर मेलचे मूळ रूप बघा

ही तपासणी मी दुकानात करतो, घरीही करता येते. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, मेलच्या उजव्या कोपऱ्यातली तीन टिंबे दाबा, ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर एक तक्ता येतो, त्यातल्या तीन ओळी बघायच्या. एसपीएफ सांगते, मेल पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनच्या (ॲटनंतरच्या नावाच्या) मालकाने परवानगी दिलेल्यांपैकी आहे का. डीकेआयएम ही लाखेच्या मोहरेसारखी सही आहे. वाटेत मजकूर बदलला तर ती तुटते. डीमार्क बघते, की या दोन्हींपैकी निदान एकातले डोमेन आणि तुम्हाला दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यातले डोमेन जुळते का. अमेझॉन किंवा फ्लिपकार्टच्या नावाचा मेल आणि डीमार्कपुढे ‘फेल’, तर विषय संपला.

‘पास’ असेल तर मात्र लगेच निश्चिंत होऊ नका. भामट्याने स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले असेल तर त्याचेही तिन्ही ‘पास’ येतात. ‘पास’ म्हणजे मेल त्या डोमेनवरून आला एवढेच. ते डोमेन कोणाचे आहे ते तुम्हालाच वाचायचे आहे. कधी तर एखाद्या खऱ्या कंपनीची पावती पाठवायची किंवा फॉर्म पाठवायची सोय वापरूनच खोटा मजकूर पाठवतात, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या मेल अगदी खरा ठरतो. म्हणून मी ही तपासणी सहाव्या जागी ठेवली आहे आणि ॲप पहिल्या.

मेलला जोडून आलेल्या फायलींबद्दल थोडक्यात : नावाच्या शेवटी एपीके (म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल), झिप किंवा एचटीएमएल असेल तर उघडू नका. कुठलेही दुकान पावती म्हणून ॲप पाठवत नाही.

लिंक दाबून झाली असेल तर

आधी शांतपणे आठवा, नेमके काय काय केले. घरातल्यांच्या भीतीने अर्धे लपवले तर उपायही अर्धेच होतात. घरच्यांनाही माझी विनंती आहे की त्या वेळी रागावू नका. रागावल्यामुळे माणसे दोन-दोन दिवस गप्प बसतात आणि तेच दोन दिवस महाग पडतात.

नुसता मेल उघडला किंवा पान उघडून काही न भरता बंद केले, काही डाउनलोड झाले नाही, तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मेल ‘फिशिंग’ म्हणून कळवा आणि पुढचे काही दिवस खात्यावर नजर ठेवा.

पासवर्ड भरला असेल तर सर्वांत आधी मेलच्या खात्याचा पासवर्ड बदला, मग शॉपिंगचा. क्रम उलटा करू नका. शॉपिंगचा पासवर्ड विसरलो म्हटले की नवा पासवर्ड लावायची लिंक मेलवरच येते, म्हणजे मेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळे. दोन्हींकडे ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करा. तोच पासवर्ड आणखी कुठे लावला असेल तर तिथेही बदला. मग शॉपिंगच्या खात्यात पत्ते, फोन नंबर, गिफ्ट कार्डाची आणि वॉलेटची शिल्लक बघा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन (नंबराच्या जागी वापरायचा सांकेतिक आकडा) ठेवतात, त्यामुळे खात्यात शिरलेल्या माणसाला कार्डाचा नंबर सहसा मिळत नाही. वॉलेटमधली शिल्लक मात्र कित्येकदा ओटीपीशिवाय खर्च होते, आणि गिफ्ट व्हाउचर घेतले की ते काही क्षणांत मेलने दुसऱ्याकडे जाते.

इथे एक जागा अशी आहे, जी लोक हमखास विसरतात. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक मुलगा माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. पासवर्ड दोनदा बदलला होता, तरी वॉलेटमधून पैसे जात होते आणि त्याला मेल एकही येत नव्हता. कॉम्प्युटरवर त्याचे जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर’ बघितले. ‘ऑर्डर’ हा इंग्रजी शब्द असलेला प्रत्येक मेल थेट कचऱ्यात टाकण्याचा नियम कोणीतरी लावून ठेवला होता. शेजारच्या ‘फॉरवर्डिंग’मध्ये एक अनोळखी पत्ता होता, म्हणजे पासवर्ड बदलायची प्रत्येक लिंक तिकडेही जात होती. जीमेलच्या फोनवरच्या ॲपमध्ये हे फिल्टर दिसत नाहीत, त्यासाठी ब्राउझरमधून कॉम्प्युटरवरची मांडणी उघडावी लागते. पहिल्या दोन वेळा मीही फक्त फोनच बघितला होता, आणि त्या मुलाचे तेवढे पैसे जास्त गेले याची मला आजही हळहळ वाटते. तेव्हापासून पासवर्ड बदलला की फिल्टर, फॉरवर्डिंग आणि रिकव्हरीचा नंबर या तीन जागा उघडून बघितल्याशिवाय मी काम संपले असे म्हणत नाही.

कार्डाचा नंबर भरला असेल तर, ओटीपी दिला नसला तरी, कार्ड ब्लॉक करा. परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही कार्ड चालू शकते. बाईंचे कार्ड आम्ही बँकेच्या ॲपमधून तिथेच, दुकानात उभ्या उभ्या बंद केले. नवे कार्ड आल्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवा आणि ऑनलाइन खर्चाला मर्यादा घाला; ही दोन्ही बटणे बँकेच्या ॲपमध्ये असतात.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

पैसे गेले असतील तर दुरुस्तीच्या दुकानात येऊ नका. माझ्याकडे येण्यात अर्धा तास जातो आणि तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकतात. आधी बँकेला कळवा, लगेच १९३० वर फोन करा. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा मदत क्रमांक आहे. पैसे ज्या खात्यात गेले तिथेच रोखून धरण्याचा प्रयत्न या यंत्रणेतून होतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे पोलीस ठाणे रायबंदरला आहे.

बँकेला कळवल्याची वेळ का जपायची, तेही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि तुम्ही बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तुमच्यावर भार येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवण्यापर्यंतचे नुकसान तुमचे. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून फोन केल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

कोणाच्या सांगण्यावरून ॲप घेतले असेल, स्क्रीन दाखवली असेल, एपीके बसवली असेल, तर घरच्या घरी उपाय करत बसू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा. बँकेला आणि १९३० ला दुसऱ्या फोनवरून लावा, कारण या फोनवर येणारा ओटीपी अजूनही दुसरा कोणी वाचत असेल. मग जाणकाराकडे न्या. आणि पैसे गेलेले असतील तर पोलिसांना विचारल्याशिवाय फोन फॉरमॅट करू देऊ नका, माझ्यासारख्या दुकानदारालाही नाही. पुरावा त्यातच असतो. मूळ मेलही पुसू नका. तो, ओटीपीचे संदेश, व्यवहाराचा क्रमांक असलेले स्टेटमेंट आणि ओळखपत्र एवढे घेऊन जा.

‘गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे याच दिवसांत भेटतात. एकदा फसलेल्यांच्या याद्या फिरत असतात, तेव्हा हे बहुधा तेच लोक किंवा त्यांचे भाऊबंद. एक रुपयाही देऊ नका.

पत्ता नीट लिहून ठेवा

हे शेवटचे काम सगळ्यांनी आजच करावे. खात्यात पत्ता एकदाच आणि असा लिहा की कुरियरवाल्याला फोन करावा लागू नये : घर क्रमांक, वाडा, जवळची न हलणारी खूण, गाव, तालुका फोंडा, गोवा, आणि बरोबर पिनकोड. गोव्याचे पिनकोड ४०३ ने सुरू होतात, सिंधुदुर्गाचे ४१६ ने. शिरोड्याच्या माणसाने पिनकोडमध्ये चूक केली तर पार्सल खरोखरच दुसऱ्या राज्यात फिरून येऊ शकते. खूण लिहिताना ‘दुकानाजवळ’ लिहू नका, दुकान उद्या बंद होते. देऊळ, कपेल (छोटे चर्च), शाळा, बसथांबा लिहा, आणि तिथून कोणत्या बाजूला तेही. ॲपमध्ये नकाशावर टाचणी लावायची सोय असेल तर घराच्या दारावर लावा.

बाईंचा पत्ता आम्ही त्या दिवशी असाच लिहिला. म्हार्दोळच्या देवळापासून डावीकडे, चढ संपला की पहिले घर, दारात अनंताचे झाड. मखर चवथीच्या दोन दिवस आधी आले, आणि त्या वेळी फोन आला नाही.